‘एक्सेल कधी चुकत नाही’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

‘टेकऑफचं अंतर काढायला महागडी सॉफ्टवेअर कशाला? ही फुकट एक्सेल शीट घ्या. तक्ते मॅन्युअलमधलेच आहेत. एक्सेल कधी चुकत नाही, चुकतो तो माणूस.’ असा एक मेसेज सध्या वैमानिकांच्या आणि शिकाऊ वैमानिकांच्या गटांत फिरतोय. टेकऑफचं अंतर म्हणजे विमान धावायला लागल्यापासून हवेत चढेपर्यंत लागणारं अंतर, आणि मॅन्युअल म्हणजे त्या विमानाची माहितीपुस्तिका. पुढे आणखी चार-पाच मुद्दे आहेत आणि शेवटी फाइल जोडलेली आहे. माझी भाची नुकतीच सोलो उड्डाणं करायला लागली आहे. तिने तो मला पाठवून विचारलं, ‘मामा, वापरू का?’ फाइल तिच्या मोबाइलवर आधीच उतरलेली होती. म्हणून हे लिहितोय, नाहीतर फॉरवर्डना उत्तरं देत बसायची मला हौस नाही.

‘एक्सेल चुकत नाही’ हा यातला सगळ्यात घातक दावा, म्हणून आधी तोच घेतो.

बेरीज-गुणाकार चुकत नाही, कबूल. पण आकडा मिळाला नाही की शीट गपचूप काहीतरी धरून चालते. काय धरते, ते फाइल उघडून पाहिलं. टेकऑफच्या तक्त्यात तापमानाच्या ०, १०, २०, ३०, ४० अशा ओळी आहेत. ओळ शोधायला व्हीलुकअप वापरलंय आणि त्यातला शेवटचा भाग, म्हणजे जुळणी तंतोतंत हवी की अंदाजे हे सांगणारा, लिहिलेलाच नाही. तो लिहिला नाही की एक्सेल अंदाजे जुळणी धरतं. विचारलेला आकडा तक्त्यात नसेल तर त्याच्या खालचा सगळ्यात जवळचा आकडा उचलतं. बाहेर ३९ अंश असताना ही शीट ३० अंशांचं अंतर देते. इशारा नाही, लाल रंग नाही, काही नाही. वजनाच्या तक्त्यातही हाच प्रकार. तक्ता वाचायला शिकवताना सुरुवातीलाच सांगतात की आकडा दोन ओळींच्या मध्ये पडला तर इंटरपोलेट करा, म्हणजे दोन्हींवरून मधला आकडा काढा, ते जमत नसेल तर वाईट परिस्थितीची, म्हणजे जास्त तापमानाची किंवा जास्त वजनाची, ओळ घ्या. शीट बरोबर उलटं करते.

पुढे चला. तापमानाचा सेल रिकामा राहिला तर सूत्र त्याला शून्य समजतं. शून्य अंश म्हणजे गार, दाट हवा. इंजिन खूश, पंख खूश, अंतर कमी. प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या दाबावरून काढलेली उंची, भरायचं राहिलं की विमानतळ थेट समुद्रसपाटीवर, म्हणजे पुन्हा दाट हवेत, येतो. मागच्या सीटवरच्या प्रवाशाच्या वजनाच्या सेलमध्ये कुणी ‘८२ किलो’ असं अक्षरांसकट लिहिलं, तर तो सेल मजकूर ठरतो आणि बेरजेचं सूत्र त्याला निमूटपणे वगळतं. प्रवासी विमानात बसलेला, पण वजनात नाही. सामानाची नवी ओळ यादीच्या तळाला जोडली तर ती बेरजेच्या आवाक्यात येतेच असंही नाही.

आता या चुका एकत्र ठेवून बघा. विमान आहे त्यापेक्षा हलकं, हवा आहे त्यापेक्षा गार, विमानतळ आहे त्यापेक्षा खाली. एकही चूक सावध बाजूला झुकत नाही. (हेडवाइंडचा, म्हणजे समोरच्या वाऱ्याचा, रिकामा सेल तेवढा अपवाद, तिथे शून्य धरलं तर बिघडत नाही. टेलवाइंडचा, म्हणजे मागून येणाऱ्या वाऱ्याचा, रिकामा सेल मात्र पुन्हा महागात पडतो.) कागदी तक्त्यात ही सोयच नाही. तापमान माहीत नसेल तर कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं हेच कळत नाही आणि काम अडतं. ते अडायलाच हवं.

‘शिवाय १० टक्के मार्जिन टाकलंय, त्यामुळे निर्धास्त राहा.’

टाकलंय, पण कशावर? ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिएशन ऑथॉरिटीचं छोट्या विमानांच्या परफॉर्मन्सवरचं सेफ्टी सेन्स पत्रक आहे. वाचायला फार तर अर्धा तास लागतो. त्यात ढोबळ आकडे दिलेत: वजन १० टक्के वाढलं तर टेकऑफचं अंतर २० टक्क्यांनी वाढतं, तापमान १० अंशांनी वाढलं तर १० टक्क्यांनी, कोरड्या आखूड गवतावर २० टक्क्यांनी, २ टक्के चढावर १० टक्क्यांनी. आणि स्पष्ट म्हटलंय की हे गुणक एकमेकांना गुणायचे असतात. आपली शीट त्या टक्क्यांची नुसती बेरीज करते! पन्नास फूट उंची गाठेपर्यंतचं मूळ अंतर ५०० मीटर धरा आणि वरच्या चारही गोष्टी एकाच दिवशी जुळून आल्या असं समजा. शीट ६० टक्के मिळवून ८०० मीटर काढते, त्यावर तिचं १० टक्के मार्जिन, म्हणजे ८८०. गुणून बघितलं तर मार्जिनआधीच ८७१ होतात. मॅन्युअलच्या आकड्यांत सुरक्षेचा गुणक आधीच धरलेला नसेल तर पत्रक वर आणखी १.३३ ने गुणायला सांगतं. झाले जवळपास ११६० मीटर. धावपट्टी ९०० मीटरची असेल तर शीटमध्ये सेल मस्त हिरवा दिसेल.

‘सॉफ्टवेअरवाल्यांचेही घोळ झालेत.’

हे नाइलाजाने मान्य करावं लागतं. मेसेजमध्ये दोन उदाहरणं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. २० मार्च २००९ ला मेलबर्नहून दुबईला निघालेल्या एमिरेट्सच्या एअरबस ए ३४० चं वजन लॅपटॉपमध्ये ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन भरलं गेलं. एक आकडा चुकला आणि शंभर टन गायब झाले. मशीनने त्या वजनाला साजेसा थ्रस्ट, म्हणजे इंजिनांचा जोर, आणि वेग दिले. विमानाची शेपटी धावपट्टीवर घासली, विमान टोकापलीकडे गेलं, तिथला दिवा आणि अँटेना उडवून कसंबसं वर गेलं आणि नंतर सुखरूप उतरलं. २०२० मध्ये बर्मिंगहॅमहून निघालेल्या टुई या विमान कंपनीच्या बोइंग ७३७ ची गोष्ट तर आणखी विचित्र. आयटी सिस्टिममधल्या बदलानंतर ‘मिस’ लावलेल्या प्रौढ स्त्रिया लहान मुलांत मोजल्या गेल्या. लोडशीटवरचं, म्हणजे विमानाच्या वजनाच्या पत्रकावरचं, वजन १२४४ किलोंनी कमी निघालं.

पण यातून ‘मग आमची शीटही चालेल’ हे कसं निघतं? या दोन्ही प्रकरणांची चौकशी झाली. चूक कुठे शिरली आणि तपासणीत का निसटली, ते अहवालात लिहिलं गेलं. फॉरवर्डमधल्या शीटचा साधा कर्ताही माहीत नाही.

आणि मेसेजमध्ये मेलबर्नचं उदाहरण देणाऱ्याने त्यातली मुख्य गोष्टच गाळली आहे. ते टेकऑफ कमी केलेल्या थ्रस्टवर चाललं होतं, म्हणून कॅप्टनकडे वाढवायला थ्रस्ट शिल्लक होता. विमान उचलत नाही म्हटल्यावर त्याने तो पूर्ण लावला. मेसेजमध्ये पुढे म्हटलंय, ‘आपली छोटी विमानं, त्यांना एवढं काय?’ तुमच्या एका इंजिनाच्या ट्रेनर विमानात थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, टेकऑफच्या सुरुवातीलाच पूर्ण पुढे असतो. कुंपण जवळ आल्यावर आणखी काय ढकलणार आहात?

‘कितीतरी वर्षं वापरतोय, काही झालं नाही.’ लांब धावपट्टी, सकाळचा गारवा, एकटा वैमानिक आणि अर्धी टाकी असेल तर कुठलाही आकडा चालतो. अशा दिवशी शीट न उघडताही काही झालं नसतं.

‘सॉफ्टवेअर महाग आहे.’ असेल. पण ज्या मॅन्युअलमधून तक्ते उचलल्याचा दावा आहे ते विमानातच ठेवलेलं असतं, आणि ते वाचायला पैसे पडत नाहीत.

शेवटची ओळ वाचून तर मी कपाळाला हात लावला: ‘गरजेप्रमाणे बदल करून पुढे पाठवा.’ फाइलमधला एकही सेल लॉक नाही. तक्ते विमानाच्या कुठल्या मॉडेलचे, मॅन्युअलची कुठली आवृत्ती, प्रॉपेलर कोणता, काही नोंद नाही. माझ्याकडे पोचेपर्यंत कुणी कुठला आकडा ‘सुधारला’ असेल ते शोधायला मूळ मॅन्युअल घेऊन प्रत्येक सेल ताडून बघावा लागेल. तेवढा वेळ असेल तर त्यात तक्ता हाताने दहा वेळा वाचून होईल.

ज्यांच्याकडे ही फाइल आहे त्यांनी एवढंच करा. तापमानाच्या सेलमध्ये ३१ घाला आणि अंतर लिहून ठेवा. मग ३९ घाला. नंतर तो सेल पुसून टाका. तिन्ही उत्तरांचे स्क्रीनशॉट ज्या गटातून फाइल आली त्याच गटात टाका.