एका विचाराची टीम नको: त्या फॉरवर्डला माझं उत्तर

आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय, परवा गोव्यात फोंड्याहून वेर्ण्याला येताना बसमध्ये शेजारच्या बाईंनीही मला तोच दाखवला. म्हणणं असं की टीम करायची तर सगळ्यात हुशार माणसं उचला, डाव्या मेंदूची (म्हणजे हिशेबी)-उजव्या मेंदूची (म्हणजे कल्पक) टेस्ट घेऊन कामं वाटा, आणि सगळे एका विचाराचे ठेवा म्हणजे भांडणं नाहीत, काम फास्ट. आमच्या कंपनीत लोक हे खरं मानायला लागलेत म्हणून लिहितेय.

हुशार माणसांचं आधी. हे करून बघून झालंय हो. इंग्लंडमध्ये हेन्लीच्या मॅनेजमेंट कॉलेजात मेरेडिथ बेल्बिन यांनी १९७० च्या दशकात बुद्धीच्या चाचणीत वर आलेल्यांच्या मुद्दाम वेगळ्या टीम केल्या, त्यांना अपोलो म्हणायचे, आणि बिझनेस गेममध्ये, म्हणजे लुटुपुटीची कंपनी चालवायच्या स्पर्धेत, उतरवल्या. अशा २५ टीमांपैकी जिंकल्या फक्त ३, कारण दुसऱ्याच्या बोलण्यातली चूक काढण्यात सगळे पटाईत पण आपलं मत कोणी सोडेना, आणि लागणारी साधी कामं तशीच पडून. २०१० मध्ये संशोधक अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी ६९९ माणसांचे छोटे गट तपासले, तिथेही बोलायची पाळी सगळ्यांना सारखी मिळत होती ते गट चांगले निघाले.

डावा-उजवा मेंदू. मेंदूचे दोन भाग वेगवेगळी कामं करतात हे दाखवल्याबद्दल रॉजर स्पेरी यांना १९८१ चं नोबेल मिळालं ते खरं, पण त्यांनी तपासलेल्या पेशंटांच्या मेंदूच्या दोन भागांमधला दुवा ऑपरेशनने कापलेला होता. तुमचा-आमचा शाबूत आहे. २०१३ मध्ये युटा विद्यापीठाने हजारावर लोकांचे मेंदूचे स्कॅन बघितले, माणसं अशी डावी-उजवी निघाली नाहीत. कृपा करून यावरून कुणाला अकाउंट्सला बसवू नका.

आता भांडणं नाहीत म्हणजे काम फास्ट, हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण असंच फास्ट काम मी स्वतः केलंय. मी औषधांच्या पॅकिंगला आहे. मागच्या पावसाळ्यात नवीन कार्टनचं आर्टवर्क, म्हणजे खोक्यावरच्या छपाईचं डिझाइन, आलं, मीटिंगला आम्ही पाचजण, पाचही जणांना डिस्पॅचची घाई, सात मिनिटांत ओके. पॅकिंगच्या लाइनवर सत्तरी तालुक्यातली एक मुलगी आहे, कमी बोलते, हातात आलेली वस्तू दोनदा उलटसुलट करून बघते, आम्ही तिला स्लो म्हणायचो. पहिलाच लॉट सुरू झाला आणि ती म्हणाली, ‘मॅडम, हांगा शाय पुसून वता.’ मी छापलेल्या एक्सपायरीवरून अंगठा फिरवला तर तारीख अंगठ्यावर आली. बॅच नंबर आणि तारीख छापायची जागा वार्निशशिवाय, म्हणजे वरच्या चकचकीत थराशिवाय, सोडायची असते, नाहीतर शाई धरत नाही, आर्टवर्कमध्ये तिथपर्यंत वार्निश होतं, आणि आम्ही पाचही जणांनी फक्त मजकूर वाचला होता. सगळी कार्टनं बाजूला काढावी लागली. नंतर कळलं की तिने नमुना दोन दिवस आधीच बघितला होता, शंकाही आली होती, पण मीटिंगला तिला कोण बोलावणार?

आता नमुना आधी लाइनवर जातो, मीटिंगला ती असते आणि प्लांट हेडच्या आधी ती बोलते, कारण साहेब एकदा बरं म्हणाले की मग कोणी तोंड उघडत नाही. गेल्या महिन्यात तिने दोनदा नाही म्हटलं. एकदा तिचं चुकलं होतं, तपासायला दहा मिनिटं गेली.