९९ टक्के, पण कशाचे?

सिंहगड रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: एआय आता नुसता एमआरआय बघून मेंदूच्या गाठीची ग्रेड, म्हणजे १ ते ४ मध्ये ती किती घातक आहे ते, ९९ टक्के अचूक सांगतं, बायोप्सीची गरज उरलेली नाही, तरी डॉक्टर पैशासाठी कवटी उघडतात, पुढे पाठवा. एरवी सोडून दिला असता. पण या वेळी पाठवणाऱ्या काकांच्या मेहुण्यांची बायोप्सी पुढच्या आठवड्यात आहे आणि काका विचारताहेत, थांबू या का?

काका, थांबू नका. का, ते सांगतो.

मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंगला शिकवतो आणि एक्स्टर्नल म्हणून दुसऱ्या कॉलेजांत बीईच्या ओरल्स घ्यायला जातो. एआयने ‘ब्रेन ट्यूमर’ ओळखण्याचा प्रोजेक्ट समोर आला नाही असं वर्ष आठवत नाही. काळं पुस्तक, सोनेरी अक्षरं आणि शेवटच्या प्रकरणात ९९ टक्के. तो आकडा कसा शिजतो ते मी जवळून पाहिलंय.

पहिली गोष्ट म्हणजे तो बहुधा ग्रेडचा नसतोच. मुलं सर्रास वापरतात त्या एका खुल्या संचात २३३ रुग्णांच्या ३,०६४ प्रतिमा आहेत आणि लेबलं तीन: ग्लायोमा (मेंदूच्या आधारपेशींची गाठ), मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची) आणि पिट्युटरी ग्रंथीची गाठ. हे झाले प्रकार. पिट्युटरीची गाठ मेंदूच्या तळाशी ठरल्या जागी बसते, मेनिंजिओमा आवरणाला चिकटून असतो, त्यामुळे निम्मं उत्तर जागेवरूनच कळतं. आंबा, फणस, नारळ वेगळे ओळखले म्हणून आंबा आतून किती पिकलाय ते कळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंमतीची आहे. वरचा भागाकार करा, एका रुग्णाच्या सरासरी १३ प्रतिमा. मुलं सगळ्या एकत्र पिसतात आणि ८० टक्के शिकवायला, २० टक्के परीक्षेला काढतात. म्हणजे एकाच डोक्याचा सातवा काप अभ्यासाला आणि आठवा पेपरात. एका ओरलला मी विचारलं, “रुग्णानुसार वेगळे केलेत का?” चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकीने लॅपटॉप ओढला, रुग्ण वेगळे करून पुन्हा चालवलं. आमचा चहा होईपर्यंत आकडा नव्वदच्या खाली. तिला मी चांगले मार्क दिले.

आता खरी ग्रेड. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात ग्लायोमाची ग्रेड नुसत्या दिसण्यावर ठरत नाही, जनुकंही बघतात. ग्लायोमाचाच एक प्रकार असलेल्या, आयडीएच नावाचं जनुक बदललेल्या अ‍ॅस्ट्रोसायटोमात सीडीकेएन२ए/बी जनुकाच्या दोन्ही प्रती गळालेल्या असतील, तर सूक्ष्मदर्शकाखाली गाठ कितीही शांत दिसो, ग्रेड ४. उलट मुलांमधला पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा एमआरआयवर कॉन्ट्रास्टचं औषध घेऊन लख्ख उजळतो, भयंकर वाटतो, आणि असतो ग्रेड १.

मग जनुकंही स्कॅनवरून ओळखू, असं कोणी म्हणेल. २०२१मध्ये त्याचीच जागतिक स्पर्धा झाली होती. एमजीएमटी या जनुकावरची रासायनिक खूण एमआरआयवरून ओळखायची, कारण टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध किती लागू पडेल याचा अंदाज तिच्यावरून येतो. पहिल्या नंबराचा गुण सुमारे ०.६२. त्या मोजपट्टीवर निव्वळ नाणेफेक म्हणजे ०.५! आयडीएचचं उत्तर बरंच बरं येतं, हेही खरं. टी२ आणि फ्लेअर या एमआरआयच्या दोन प्रकारांपैकी टी२ वर पांढरीशुभ्र आणि फ्लेअरवर मधोमध काळपट अशी गाठ दिसली, तर मोठ्या माणसात आयडीएच बदललेला अ‍ॅस्ट्रोसायटोमा असल्याची ती जबर खूण आहे. पण तशा बऱ्याच गाठींत ती दिसतच नाही.

आपल्याकडे आणखी एक भानगड. गाठींच्याच प्रतिमांवर शिकलेल्या यंत्राला ‘ही गाठच नाही’ असं म्हणता येत नाही, तसा पर्यायच त्याला दिलेला नसतो. इथे एमआरआयवर कड्यासारखं वर्तुळ दिसलं तर ते टीबीचं असू शकतं, पट्टकृमीच्या अळीचं असू शकतं, पू असू शकतो. यंत्र मात्र ग्रेड देऊन मोकळं. टीबीच्या माणसाला ग्रेड ४ चा कागद हातात मिळाला तर काय होईल, विचार करा.

राहिली कवटी. सुईच्या बायोप्सीला छोटं भोक पाडतात. मोठं ऑपरेशन करतात ते मेंदूवरचा दाब कमी व्हावा, गाठ जमेल तेवढी निघावी म्हणून. ग्रेड फुकट कळली तरी ते टळणार नाही.

गाठीची कड आखून देणं, आधीच्या आणि आताच्या स्कॅनमध्ये ती किती वाढली ते मोजणं, ही कामं यंत्र खरंच छान करतं. रेडिएशनच्या आखणीत त्यामुळे डॉक्टरांचा वेळ वाचतो. त्याला माझा विरोध नाही, मी तेच शिकवतो.

काका, सर्जनना विचारायचंच तर हे विचारा: नमुन्याची आयडीएच तपासणी होणार का, आणि रिपोर्टनंतर ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) आणि स्लाइड (त्याच्या काचपट्ट्या) आम्हाला मिळतील ना? दुसऱ्या मतासाठी परळला टाटात गेलात, तर तिथे तेच मागतील.