पावणेएकचा शो

मे महिना, जळगाव, पारा ४५ वर. आणि मराठी पिक्चरचा दिवसभरातला एकुलता एक शो कितीला? दुपारी पावणेएकला! संध्याकाळचे सगळे शो हिंदी मारधाडीला, नाहीतर डब केलेल्या दाक्षिणात्य पिक्चरला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, डोक्याला रुमाल गुंडाळून पोहोचलो, तर खिडकीवरचा पोरगा म्हणतो, "भाऊ, दहा जण झाले तरच चालू करू." आम्ही सहा! त्यातला एक तर नुसता एसीसाठी आलेला. (त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.)

मंगळवारी पोस्टर उतरलं. आता हेच म्हणणार, खान्देशात मराठी चालत नाही. अरे, 'सैराट' २०१६ च्या एप्रिलअखेरच आला होता ना, असल्याच उन्हात? त्याला शो मिळाले, म्हणून लोक गेले.

बरं, शो मिळालाच तर पडद्यावरचा 'गावाकडचा माणूस' डोकं तापवतो. गाव कुठलंही असो, बोली तीच ठरावीक. अहिराणी आलीच तर गड्याच्या तोंडी, हसवायला.

त्या दिवशी दीडलाच घरी परतलो. माय म्हणे, "इतला लवकर कसा काय उना रे?"