कॉलड्रॉपचा एक रुपया : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. ग्राहकांच्या तक्रारी घेऊन तुम्ही स्वतः कार्यालयांचे उंबरठे झिजवता, त्यामुळे तुमचा संताप मला परका नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कॉलड्रॉपची भरपाई रद्द करणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाला मी योग्य म्हटलं, म्हणजे मी मोबाइल कंपन्यांच्या बाजूने उभी राहिले. टॉवर आणि स्पेक्ट्रममधलं न्यायाधीशांना काय कळतं? आणि मोठे वकील लावेल त्याचंच खरं होणार असेल, तर ट्राय (दूरसंचार क्षेत्राची नियामक), सेबी (शेअर बाजाराची नियामक) या संस्था हव्यात कशाला?

आधी तो नियम काय होता, ते पाहू. ट्रायने तो १६ ऑक्टोबर २०१५ रोजी काढला आणि १ जानेवारी २०१६ पासून लागू केला. कॉल मध्येच तुटला तर कॉल लावणाऱ्याच्या खात्यात एक रुपया जमा करायचा, दिवसाला जास्तीत जास्त तीन वेळा, आणि चार तासांच्या आत तसा मेसेज पाठवायचा. कंपन्या दिल्ली हायकोर्टात गेल्या आणि तिथे हरल्या. मग ११ मे २०१६ रोजी न्या. कुरियन जोसेफ आणि न्या. रोहिंटन नरीमन यांच्या खंडपीठाने तो नियम रद्द केला.

आता मुद्दा असा की, टॉवर किती हवेत आणि कुठे हवेत याचा निवाडा कोर्टाने केलाच नाही. कोर्टाने ट्रायचेच कागद ट्रायपुढे ठेवले. ट्रायच्याच त्या वेळच्या सेवा-दर्जाच्या नियमांनुसार महिन्याच्या सरासरीत दोन टक्क्यांपर्यंत कॉल तुटले तर चालत होतं. म्हणजे ती मर्यादा पाळणाऱ्या कंपनीलाही नव्या नियमाने प्रत्येक तुटलेल्या कॉलचा दंड बसणार होता. ३५ मार्कांना पास म्हणायचं आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला छडीही मारायची, असा तो प्रकार. दुसरं म्हणजे, कॉल का तुटतात याचा तांत्रिक अहवाल ट्रायनेच प्रसिद्ध केला, तोही १३ नोव्हेंबरला. नियम आधी निघाला, कारणमीमांसा मागून आली! आणि तिच्यात काय निघालं? पालिका किंवा रहिवाशांच्या विरोधामुळे टॉवर बंद पडतात, नवे उभे राहत नाहीत, काही वेळा दोष ग्राहकाच्या बाजूलाही असतो. नियम मात्र धरून चालला होता की तुटलेला प्रत्येक कॉल हा कंपनीचाच अपराध.

न्यायाधीशांना रेडिओ इंजिनिअरिंग येत नाही, हे खरंच आहे. पण तज्ज्ञांचा एक कागद त्यांच्याच दुसऱ्या कागदाशी जुळत नाही, हे दिसायला इंजिनिअर असावं लागत नाही. शिवाय ट्राय कायद्याचं कलम ११(४) सांगतं की ट्रायने पारदर्शकपणे काम करावं. लोकांकडून म्हणणं मागवायचं आणि त्याला कारणं देऊन उत्तरच द्यायचं नाही, याला पारदर्शकता म्हणत नाहीत, हे कोर्टाने स्पष्ट केलं. नियम करण्याआधी लोकांचं म्हणणं मागवायला लावणाऱ्या अमेरिकेच्या १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यासारखा कायदा संसदेने करावा, अशी सूचनाही त्याच निकालात आहे. मला तो भाग सगळ्यात मोलाचा वाटतो आणि नेमकी त्याचीच चर्चा झाली नाही.

‘कोर्टात नेहमी कंपन्याच जिंकतात’ हे मात्र मला मान्य नाही. सहाराचं प्रकरण आठवा. दोन सहारा कंपन्यांनी जवळपास तीन कोटी लोकांकडून रोख्यांच्या रूपाने पैसा गोळा केला. वर म्हणणं असं, की आमच्या कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या नाहीत आणि ही आमच्या संबंधितांपुरती खासगी विक्री आहे, सबब सेबीचा संबंध काय? वकिलांची फौज कमी नव्हती. सुप्रीम कोर्टाने कंपनी कायदा उघडला. पन्नास किंवा त्याहून अधिक लोकांना देकार (ऑफर) दिला की ती सार्वजनिक विक्री होते, असं कलम ६७(३) च्या परंतुकात (कलमाला जोडलेल्या अटीत) लिहिलेलं होतं. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी निकाल लागला : सेबीला अधिकार आहे, २४ हजार कोटींहून जास्त रक्कम १५ टक्के व्याजासह सेबीकडे भरा. इथे नियामकाने प्रत्येक पायरीवर कायद्याचा आधार दाखवला आणि तो जिंकला. ट्रायला लावलेली फूटपट्टी सेबीलाही लावली होती.

रिझर्व्ह बँकेचं उदाहरण याच्या मधलं आहे. बिटकॉइनसारख्या आभासी चलनाचे व्यवहार करणाऱ्यांना बँकांनी सेवा देऊ नये, हे तिचं २०१८ चं परिपत्रक सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. रिझर्व्ह बँकेचा अधिकार कोर्टाने पूर्ण मान्य केला, पण या व्यवहारांमुळे बाकीच्या बँकांचं काय नुकसान झालं, ते तिला दाखवता आलं नाही.

तुम्ही ग्राहकांच्या बाजूने लढता, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. नियामक ग्राहकाच्या विरोधातलाही नियम करू शकतो. ट्रायने केलेल्या नियमांना दूरसंचार लवादात (या क्षेत्रातले वाद ऐकणाऱ्या खास न्यायाधिकरणात) आव्हान देता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच ठरवलं आहे. त्यासाठी हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्टातच जावं लागतं. कंपन्यांसाठी हा दरवाजा बंद करा म्हणाल, तर तो तुमच्याही तोंडावर बंद होईल.

एका बाबतीत तुमचं अगदी बरोबर आहे. निकालानंतर ग्राहकाच्या हाती काही आलं नाही. ट्रायने २०१७ मध्ये मोजणीची पद्धत सुधारली, महिन्याच्या सरासरीआड लपता येणार नाही अशी केली, आणि दर्जा न राखणाऱ्या कंपनीला लाखांत दंड ठेवला. नियम जास्त चांगला, जास्त पक्का झाला. पण तो दंड सरकारजमा होतो. ज्याचा कॉल तुटला त्याला छदामही मिळत नाही, आणि याबद्दल ट्रायला धारेवर धरायलाच हवं. संसदेनेही कोर्टाने सुचवलेला कायदा केलेला नाही. २०२५ मध्ये सेबी आणि रिझर्व्ह बँकेने नियम करण्याआधी मसुद्यावर २१ दिवस लोकांची मतं मागवायची पद्धत आपापल्यापुरती ठरवली, इतकीच काय ती प्रगती.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. तुमच्या केंद्राच्या वहीत कॉलड्रॉपच्या तक्रारी तारीख, वेळ आणि ठिकाणासकट लिहिलेल्या आहेत, असं तुम्हीच म्हणता. सेवेच्या दर्जावर ट्रायचा पुढचा कन्सल्टेशन पेपर (लोकांची मतं मागवणारा कागद) निघेल, तेव्हा ती नोंद जशीच्या तशी पाठवा आणि भरपाई ग्राहकालाच का मिळावी, ते सोबत लिहा. कंपन्या प्रत्येक पेपरवर पानंच्या पानं पाठवतात. मसुदा लिहायला मदत हवी असेल तर मी करेन, त्यासाठी फी वगैरे काही नाही.