हॅमस्टरला देखावा नको, खोली हवी

मार्च उजाडला की आमच्या नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला. त्यातला एक सख्ख्या बहिणीकडून, कारण भाच्याची परीक्षा संपत आली होती आणि त्याला हॅमस्टर, उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, घेऊन द्यायचं तिनं कबूल केलं होतं. मेसेजचं सार असं: पाचशे रुपयांत हॅमस्टरसाठी घरच्या घरी ‘मिनी जंगल’ करा. माशांची दीड फुटाची जुनी टाकी घ्या. तळाला दोन इंच लाकडाचा भुसा नाहीतर रेती पसरा. झोपायला मऊ कापूस द्या. गॅलरीतल्या झाडांची पानंफांद्या लावून सजवा. एकटा कंटाळतो, म्हणून जोडीच आणा. दर आठवड्याला सगळं काढून टाकी साबणानं धुवा. आणि शेवटी खास आपल्यासाठी दिलासा: हा मुळात वाळवंटातला प्राणी, त्याला नागपूरचं ऊन बाधत नाही, गॅलरीत ठेवा बिनधास्त.

यातला एकही मुद्दा बरोबर नाही. मी सहा वर्षं सिरियन जातीचे हॅमस्टर पाळते आहे. शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण त्याच समजुतीनं माझा पहिला हॅमस्टर गेला.

मला तो विकणाऱ्यानं हेच सांगितलं होतं. “ताई, वाळवंटातला जीव आहे हा, काही होत नाही त्याले.” मी विश्वास ठेवला. गॅलरीत सावली होती, पिंजऱ्यावर ओलं फडकं टाकलेलं होतं. मे महिन्यातल्या एका दुपारी चार वाजता पाहिलं तर तो पोटावर सपाट पसरलेला, चारी पाय ताणलेले, हनुवटीखालची लव लाळेनं ओली. तोंडाशी पाण्याचे थेंब धरले. दहा मिनिटांत तो गेला.

आता त्याच्या मूळ ठिकाणाबद्दल. १९३० साली इस्रायल अहरोनी या प्राणिशास्त्रज्ञानं सीरियात अलेप्पोजवळ एक बीळ खणून काढलं. त्यात एक मादी आणि ११ पिल्लं सापडली. आज जगभर घरोघरी असलेले जवळजवळ सगळे सिरियन हॅमस्टर त्या कुटुंबाचे वंशज आहेत. ते बीळ गव्हाच्या शेतात होतं. वाळूच्या टेकड्या नाहीत, लोकवस्तीजवळची पिकाची जमीन. पुढे त्याच भागातल्या शेतांत संशोधकांनी बिळं मोजली, तेव्हा ती ३६ ते १०६ सेंटिमीटर खोल निघाली, सरासरी ६५. वर ऊन रणरणत असताना हा प्राणी तिथे खाली, गारव्यात असतो आणि सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर वर येतो. उन्हाला तो तोंड देत नाही, उन्हापासून पळतो. आपण काय करतो, तर पळायची जागा काढून घेतो, चार काचांमध्ये ठेवतो आणि वर म्हणतो की त्याला ऊन मानवतं.

हॅमस्टरला आपल्यासारखा घाम येत नाही. वीस ते चोवीस अंश त्याला सुखाचे. तिशी ओलांडली की धोका सुरू होतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला की आपल्याकडे बाहेर पंचेचाळीसच्या आसपास पारा असतो आणि वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीतही पस्तिशीच्या खाली येत नाही. तेव्हा ज्या खोलीत घरातली माणसं दुपारी झोपतात, त्याच खोलीत हॅमस्टरचं घर हवं. कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बरं काम करतो, पण झोत थेट पेटीवर येऊ देऊ नका, नाहीतर खालचं सगळं दमट होतं. पावसाळा लागला की कूलर नुसती वाफ करतो, तेव्हा पंखा आणि उघडी खिडकी बरी. एसी असेल तर उत्तमच. शिवाय आपल्याकडे मातीची भांडी आहेत! मडक्याचा फुटका तुकडा, जुन्या घराचं कवेलू (कौल), फरशीचा गुळगुळीत तुकडा यांवर तो आपणहून पोट टेकून पडतो. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेरून, काचेला टेकवून ठेवायची. आणि प्राणी लुळा पडलेला दिसलाच तर बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. गार खोलीत न्या, साध्या पाण्यानं भिजवलेल्या फडक्यावर ठेवा आणि लगेच पशुवैद्याकडे निघा.

डिसेंबर-जानेवारीत उलटं होतं. आपल्याकडे रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो, आणि थंड खोलीत हॅमस्टर कधी कधी गारठून निपचित पडतो. अंग थंडगार, श्वास जवळजवळ दिसत नाही. मेला म्हणून पुरायची घाई करू नका. ओंजळीत घ्या, उबदार खोलीत बसा, दोन-तीन तास तरी वाट पाहा. मिशा हलल्या तर तो जिवंत आहे, मग त्यालाही डॉक्टरांना दाखवून घ्या.

आता त्या टाकीकडे वळते. मेसेजमध्ये जंगल आहे, शोभा आहे, पण जमीन नाही. दोन इंच भुसा म्हणजे पाच सेंटिमीटर. ज्याचं बीळ सरासरी ६५ सेंटिमीटर खोल, त्याला आपण पाच सेंटिमीटर देतो आणि त्याला नैसर्गिक म्हणतो. स्वित्झर्लंडमध्ये यावर प्रयोग झाला आणि २००६ मध्ये तो छापून आला. काही हॅमस्टरना १० सेंटिमीटर, काहींना ४० आणि काहींना ८० सेंटिमीटर खोल भुसा दिला होता. ज्यांना १० मिळाले, ते पिंजऱ्याचे गज जास्त कुरतडत राहिले आणि चाकावरही जास्त धावले. ८० सेंटिमीटरवाल्यांमध्ये गज कुरतडणं फारच कमी. आपल्याकडे रात्री गज चावणाऱ्या हॅमस्टरला “दात शिवशिवतात वाटते त्याचे” असं म्हणून खडू नाहीतर लाकडाचा तुकडा देतात. तो खणायला जागा मागत असतो.

बहिणीकडे गेले तेव्हा भाच्यानं टाकी धुऊन तयार ठेवली होती. ती बाजूला केली. तिच्या घरात जुनं शोकेस होतं, सागवानी चौकट, पुढे सरकत्या काचा. सुतारानं ते आडवं केलं, तळाला प्लाय ठोकला, वरती बारीक छिद्राची लोखंडी जाळी झाकणासारखी बसवली. आतून चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. जर्मनीतल्या पशुवैद्यांची प्राणिकल्याण संघटना हॅमस्टरसाठी किमान १०० × ५० सेंटिमीटर जागा आणि ५० सेंटिमीटर उंची सांगते, त्यापेक्षा हे थोडं मोठंच. दीड फुटाची टाकी त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही, आणि काचेची असल्यानं उन्हाळ्यात आतली हवा कोंडते ती वेगळीच.

भरणं हे खरं काम. न छापलेल्या कागदाचे बारीक तुकडे आणि सशांसाठी मिळतं तसं लांब काडीचं वाळलं गवत, यांचे एकावर एक थर द्यायचे. प्रत्येक थर तळहातांनी दाबायचा, चांगला वजन टाकून. नुसता भुसभुशीत कागद ओतला तर बोगदा खणल्याबरोबर ढासळतो. गवताच्या काड्या मधूनमधून असल्या की त्या छताला आधार देतात, कुडाच्या भिंतीत असतात तशा. डावीकडे तीस-पस्तीस सेंटिमीटर, मग उतार, उजवीकडे दहा. निम्मी पेटी भरली तेव्हा भाचा म्हणाला, “मावशी, एवढं भरलं तर तो दिसणारच नाही ना.”

त्याचं बरोबर होतं. मेसेज इतका का पसरतो, तेही यातच आहे. दोन इंचांच्या भुशावरचा प्राणी चोवीस तास डोळ्यांसमोर असतो, फोटोत दिसतो. मी त्याला आठ दिवस थांबायला सांगितलं. पाचव्या रात्री साडेदहाला त्याचा फोन आला, कुजबुजत. हॅमस्टरनं काचेला लागूनच बोगदा काढला होता. तो कपाळानं कागद पुढे ढकलत होता, मागच्या पायांनी झाडत होता. मग वर येऊन टिश्यू पेपरच्या पट्ट्या गालात कोंबून, दोन्ही गाल खांद्यांपर्यंत फुगवून, मागच्या मागे बिळात शिरला आणि खाली जाऊन एकेक पट्टी बाहेर काढून अंथरली. भाचा तासभर टॉर्चवर लाल कागद लावून बसला होता. दिवसा त्या बाजूच्या काचेवर बाहेरून काळा कागद चिकटवतो, म्हणजे बीळ अंधारात राहतं.

बिळं खोल असली की एक धोका असतो, जो त्या मेसेजमध्ये येणारच नव्हता. जड वस्तू या थरांवर ठेवल्या आणि त्यानं खालून खणलं, तर त्या त्याच्याच अंगावर येतात. म्हणून कवेलू, मडकं, पाण्याची वाटी, चाक, सगळं पायांच्या छोट्या पाटावर ठेवायचं, आणि पाटाचे पाय थेट प्लायला टेकलेले असावेत. चाक सिरियनसाठी २८ सेंटिमीटरच्या आसपासचं, सलग पृष्ठभागाचं. लहान चाकात धावताना पाठ वाकते, आणि गजांच्या चाकात पाय अडकतो.

भुशाबद्दल: लकडगंजच्या आरा मशीनवर पोतंभर भुसा स्वस्तात मिळतो, आणि लोक तोच आणतात. करवतीखालचं ते पीठ असतं. त्यात सागवान असतं, प्लायचा गोंद असतो, कीड लागू नये म्हणून मारलेलं औषध असतं. सागाच्या धुळीनं सुतारांनाही शिंका आणि खाज येते. शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या प्राण्यानं त्यात नाक खुपसून चोवीस तास झोपायचं? वासाच्या चीड-देवदाराचा कीसही नको, सुगंधी भुसा तर मुळीच नको.

रेती हवी, पण तळाला नव्हे. एका पसरट परातीत, अंग घोळायला. कन्हान नदीची रेती बारीक चाळणीनं चाळून, पाणी नितळ येईपर्यंत पाच-सहा वेळा धुवायची आणि गच्चीवर पसरायची. आपलं मेचं ऊन इथे उपयोगी पडतं, दोन दिवसांत रेती आणि कवेलू दोन्ही कडकडीत होतात. दगड फोडून केलेली क्रश सँड टोकदार असते, ती घेऊ नका. पावडरसारखी ‘बाथ डस्ट’ही नको, ती फुप्फुसात जाते.

कापसाचा मुद्दा विदर्भातल्या माणसाला पटतो, कारण कापूस आपल्या मातीतलाच. बाजारात त्याची रंगीत, फुगीर गादी मिळते. पण कापसाचा तंतू तुटत नाही. तो बोटाला, पायाला गुंडाळला जातो, आवळतो, पाय काळा पडतो. गालात कोंबला तर चिकटून राहतो, गिळला तर आतडं अडवतो. घरचा, सरकी न काढलेला कापूस दिला तर त्या सरकीत गॉसिपॉल हे विष. साधा, बिनवासाचा टिश्यू पेपर पट्ट्या फाडून द्या. बाकी तो बघून घेतो.

सजावटीच्या फांद्यांमध्ये कण्हेर असू नये. आपल्या प्रत्येक कंपाउंडला ती आहे, आणि तिचं पानन् पान विषारी आहे. रुई, धोतरा तसेच. मनीप्लांटनं तोंड पोळतं. संत्र्याच्या साली आणि फोडीही नकोत, हॅमस्टरला आंबट फळं देत नाहीत. त्याऐवजी ज्वारीचं अख्खं कणीस, राळ्याचं कणीस, बाजरीचं कणीस कागद-गवतात उभं खोचा. तो ते खाली ओढतो, दाणे सोलतो, गालात भरून नेतो. शेतातला प्राणी आहे तो, शेत दिसायला हवं. फवारणी न झालेल्या झाडाचं वाळवलेलं जास्वंद, पेरूची वाळकी फांदी, बुरडाकडचा पोकळ बांबूचा तुकडा, छोट्या मातीच्या वाटीत उगवलेले गव्हाचे कोंब, एवढं पुरे.

साबणानं सगळं धुणं बंद करा. त्याला दूरचं फारसं दिसत नाही, घर ओळखतो ते वासानं. दर रविवारी तो वास पुसला की तो दर रविवारी परक्या घरात येऊन पडतो. मूत्राचा कोपरा रोज काढा, रेती चाळा, साठ्यातला ओला पाला काढा. कागद-गवताचा तिसरा हिस्सा दीड-दोन महिन्यांनी बदला, घरटं मात्र राहू द्या. पावसाळ्यात बुरशीचा वास आला तर तेवढा भाग लगेच उचला.

आणि जोडी. सिरियन हॅमस्टर मोठा झाल्यावर एकटाच राहतो, शेतातही एका बिळात एकच. दुकानात एकत्र बागडणारी दिसतात ती पिल्लं असतात. दोन महिन्यांची झाली की एका रात्री एकमेकांना फाडतात, अनेकदा जीव जाईपर्यंत. नर-मादी असतील तर त्यांचं गर्भारपण जेमतेम १६ दिवसांचं, एका वेळी सहा-आठ पिल्लं.

तेव्हा मेसेज वाचून कोणी आधीच दोन आणले असतील, तर दुसरी पेटी बनेपर्यंत थांबू नका. आज रात्रीच दुसऱ्याला कपड्यांच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात हलवा. झाकणाच्या जागी जाळी, कागदाचा जाड थर, पाणी, खाणं. सुतार उद्या येईल.