पंचनाम्यात नसलेली टोळी

द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. आमच्या घरातच तो तीन जणांना आला. ‘प्रदूषणात भारत जगात तिसरा, मग दुसऱ्यांकडे बोट कशाला? हवामान बदलाचा फटका गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखाच बसतो. नुकसान झालं तर सरकार भरपाई देतंच. हवामान न्यायाचं रडगाणं बंद करा.’

हवामान न्याय म्हणजे ज्याने धूर जास्त सोडला त्याने भारही जास्त उचलावा, एवढंच. कार्बन उत्सर्जनात भारत तिसरा, हे खरं आहे. पण तो आकडा अख्ख्या देशाचा. माणशी हिशेब केला तर आपला कार्बन डायऑक्साइड वर्षाला साधारण २ टन, अमेरिकन माणसाचा १४ टनांच्या आसपास. शिवाय हा वायू शेकडो वर्षं हवेत राहतो, म्हणून जुनी बाकीही धरावीच लागते. आजवरच्या एकूण उत्सर्जनात अमेरिकेचा वाटा सुमारे पाव, आपला तीन-चार टक्के. १९९२ च्या हवामान करारात ‘जबाबदारी सामाईक, पण वेगवेगळी’ हे तत्त्व याचसाठी आलं, आणि अमेरिकेनेही त्यावर सही केली होती.

आता ‘सगळ्यांना सारखाच’. हे लिहिणाऱ्याने गारपिटीनंतर निफाडच्या एखाद्या बागेत उभं राहावं. सरीत हिरव्या मण्यांचा सडा, फाटलेली पानं, फुटलेल्या घडांना येणारा आंबूस वास. बागायतदाराचं कंबरडं मोडतं, त्यात वाद नाही. पण बांधावर पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, आलेली मजूर बायकांची टोळीही बसलेली असते, कात्र्या पिशवीत घालून. तिचे पुढचे सगळे रोज त्या एका रात्रीत बुडालेले असतात. गावी परत जावं तर पावसाळ्यात धो-धो पडणाऱ्या त्या डोंगरात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट. या बायकांनी हवेत धूर तो किती सोडला असेल?

आणि भरपाई? नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तरच. फळबागेला केंद्राच्या निकषाने हेक्टरी २२,५०० रुपये, तेही २ हेक्टरपर्यंत. द्राक्षाला एकरी खर्च लाखांत जातो, हे ग्रुपवर कुणाला सांगायला नको. पैसे सातबारावर नाव असेल त्याच्या खात्यात येतात, त्यामुळे वाट्याने बाग करणारा बहुतेकदा कोरडाच राहतो. पंचनामा पिकाचा होतो, बुडालेल्या रोजाचा नाही.

‘रडगाणं’ हा शब्द मला सगळ्यात जास्त लागला. सुप्रीम कोर्टाने २०२४ साली माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सांगितलं, की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकाचा हक्क आहे, आणि त्यासाठी कलम २१ (जगण्याचा हक्क) सोबत कलम १४ चा, म्हणजे समानतेचा, आधार घेतला. हक्क मागण्याला रडणं म्हणत नाहीत. या हंगामात गारा पडल्या तर तलाठी आणि कृषी सहायक बागेत येतील, तेव्हा बागायतदारांनीच त्यांना सांगावं: माझ्या बागेत इतके मजूर होते, त्यांचे इतके रोज बुडाले, तेही लिहून घ्या.