न्यूयॉर्कला दिल्लीवरून जाणं उलटं नाही

नाशिकच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: न्यूयॉर्क सरळ पश्चिमेला आहे, पण विमानं उत्तरेचा वळसा घालून भाडं वाढवतात, नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्लीमार्गे जाणं म्हणजे उलटा प्रवास, पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून जाताना वेळ कमी लागतो, आणि अंतराला 900 ने भागलं की उड्डाणाचे तास मिळतात. चारही दावे चुकीचे आहेत.

वळशाचं आधी पाहू. फोनवर दिसणारा जगाचा नकाशा बहुधा नकाशाकार मर्केटरच्या 1569 सालच्या पद्धतीचा असतो. तो 60 अक्षांशावरचं पूर्व-पश्चिम अंतर दुप्पट ताणून दाखवतो. खात्री करायची तर 30 सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा घ्या. लोकर नको, ती ताणते. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर दाबून दोरा घट्ट ओढा. तो आपसूक वर सरकतो आणि अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक असा जातो. लांबी साडेएकोणतीस सेंमीच्या आसपास भरेल. 1 सेंमी म्हणजे 425 किमी, म्हणजे सुमारे 12,530 किमी. नकाशावरची ‘सरळ’ रेघ सौदी, इजिप्त, लिबिया, मोरोक्कोवरून जाते आणि भरते जवळपास 14,200 किमी. म्हणजे वळसा नेमका कशाला म्हणायचं? शिवाय इंधनाचं बिल कंपनीच भरते. उगाच 1,700 किमी जास्त उडण्यात तिला काय मिळणार?

दिल्लीचं उत्तरही याच दोऱ्यात आहे. ओझर ते दिल्ली हवाई अंतर जेमतेम 1,000 किमी, दिल्ली ते न्यूयॉर्क सुमारे 11,750. बेरीज 12,750, मुंबईपेक्षा फक्त 220 किमी जास्त. आणि मुंबई विमानतळ गाठायला कसारा घाटातून किंवा समृद्धीने दीडशेहून जास्त किमी गाडी हाकावी लागते, ते वेगळंच.

एक पुस्ती मात्र जोडायला हवी: ही अंतरं कागदावरची आहेत. 24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना आधी दक्षिणेला अरबी समुद्राकडे वळावं लागलं, काहींना इंधनासाठी युरोपात थांबावं लागलं. तिकीट काढताना थांबा आहे का, ते बघाच.

पृथ्वी फिरण्याचा दावा तर स्वतःच्याच पायावर धोंडा मारतो. नाशिकच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,570 किमी वेगाने पूर्वेला जाते, पण हवाही तिच्याबरोबरच जाते. फरक पडतो तो जेट स्ट्रीममुळे. साधारण 30 ते 40 हजार फुटांवरचे हे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून जाताना वेळ जास्त आणि परतताना कमी लागतो, मेसेजच्या बरोब्बर उलट.

900 चा भागाकार ओझर-दिल्लीलाच लावून बघा. उत्तर येतं एक तास सात मिनिटं. वेळापत्रकात दोन तासांच्या आसपास दिसतं. कारण ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, चढाई, उतरणं, दिल्लीवर घिरट्या, सगळं त्यात आलं. लहान पल्ल्यात हा वरकड वेळ जास्त जाणवतो.

ओझर-दिल्ली आणि पुढचं उड्डाण एकाच पीएनआरवर घ्या. दोन वेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर पुढची कंपनी हात वर करते, आणि सामानही दिल्लीत काढून पुन्हा द्यावं लागतं.